संस्थेचे संकेतस्थळ : मांडणी आणि राखण

रायपूर शहराच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसांनी अशी मंडळे ठिकठिकाणी उभारली. पूर्वी कोणत्याही मंडळाचे दफ्तर कपाटात असे आणि कपाटाची किल्ली कार्यवाहांपाशी असे. आता कार्यक्रमांचे वृत्तान्त, जुन्या स्मरणिकांची पाने, सभासदांची यादी, वधूवरांची नोंद असे सारे संकेतस्थळावर येऊन बसते. आणि त्याची किल्ली कोणाकोणापाशी आहे हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही. प्रस्तुत विवेचन कोणा एका संस्थेविषयी नाही. अशा लहान संस्थेचे काम ज्याच्या हाती सोपविले जाते, त्या तरुण तंत्रज्ञासाठी ते आहे.

संकेतस्थळ चालविण्यासाठी बहुधा आशय-व्यवस्थापन प्रणाली वापरण्यात येते. वर्डप्रेस ही त्यांपैकी सर्वांत प्रचलित. तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी निघाली. हिचे तीन भाग ध्यानात ठेवावे : प्रणालीचा स्वतःचा प्रोग्रॅम, मजकूर साठविणारा डेटाबेस, आणि सभासदांनी चढविलेल्या छायाचित्रांचे फोल्डर. पान कोणी उघडले की प्रोग्रॅम डेटाबेसातून मजकूर काढतो, त्याला थीमचा साज चढवितो आणि वाचकाकडे धाडतो. लेखकाला प्रोग्रॅम यावा लागत नाही, ही प्रणालीची थोरवी. आणि प्रोग्रॅम सदैव दाराशी उभा असतो, हा तिचा धोका.

पहिले पान लिहिण्यापूर्वीच लिपीची सोय पाहावी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट जागा घेते. मायएसक्यूएल डेटाबेसातील ‘यूटीएफ८’ नावाची जुनी मांडणी ३ बाइटांपर्यंतच पोचते. त्यामुळे मराठी मजकूर महिनोन्‌महिने बिनतक्रार साठतो, आणि एके दिवशी कोणी शुभेच्छापत्रात हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह घालतो. ते ४ बाइटांचे असल्याने पान साठविले जात नाही, किंवा चिन्हापाशीच तुटते. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ ही मांडणी निवडावी. ‘लॅटिन१’ ही त्याहून जुनी मांडणी राहून गेली असेल तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. ती पुन्हा अक्षरे होत नाहीत.

पानाच्या पत्त्याचेही असेच आहे. पत्त्यात देवनागरीचे एकेक चिन्ह ९ रोमन खुणांत लिहिले जाते, आणि वर्डप्रेस २०० खुणांची जागा देते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे झाली. ‘दिवाळी पहाट कार्यक्रमाचा वृत्तान्त’ या मथळ्यातील शेवटचा शब्द पत्त्यात मावत नाही. पत्ता रोमन लिपीत आखूड द्यावा. मथळा खुशाल मराठीत राहो.

आता अधिकारांकडे वळू. वर्डप्रेसमध्ये सर्वसाधारणपणे पाच पायऱ्या आहेत : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. लेखक आपले पान स्वतः प्रसिद्ध करू शकतो; योगदानकर्त्याचे पान मात्र कोणी तपासल्यावाचून बाहेर पडत नाही. कार्यकारिणीतील सर्वांना मानाने प्रशासक करून टाकण्याची रीत फार वाईट आहे. कार्यक्रमाची बातमी लिहिणाऱ्यास तेवढाच अधिकार द्यावा. त्यात त्याचा मानभंग नाही. एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने पाचजणांनी वावरणे तर सर्वस्वी टाळावे, कारण मग काय बिघडले हे कळले तरी कोणाच्या किल्लीने बिघडले हे कळत नाही. प्रशासकाच्या लॉगिनला मोबाइलवरील दुहेरी पडताळणी जोडावी.

फाइलींचे अधिकार अंकांनी सांगतात. वाचण्याचा अंक ४, लिहिण्याचा २, चालविण्याचा १. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ असावे. डेटाबेसाचा पासवर्ड ज्या संरचना-फाइलीत असतो, तिला सर्व्हरवर चालत असेल तर ६०० द्यावे. काही अडले की ‘७७७ करून पाहा’ असा सल्ला मिळतो. त्याचा अर्थ घरातील प्रत्येक खोली सर्वांना लिहिण्यासाठी खुली करणे असा होतो. छायाचित्रांच्या फोल्डरात पीएचपी प्रोग्रॅम चालणार नाही अशी आज्ञा सर्व्हरला द्यावी. तेथे चित्राच्या मिषाने कोणी प्रोग्रॅम ठेवलाच, तर तो निदान निजून राहील.

एवढे करूनही उरते ती नव्या दोषांची भीती. ड्रुपल या दुसऱ्या प्रणालीची कथा येथे सांगण्याजोगी आहे. तिच्या सातव्या आवृत्तीत डेटाबेसाकडे जाणाऱ्या प्रश्नांत परक्याला आपली आज्ञा मिसळता येईल असा दोष निघाला. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दोष आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही जाहीर झाली. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. पुढे २९ ऑक्टोबरला ड्रुपलच्या सुरक्षा-मंडळाने कळविले की, जाहीर झाल्यापासून ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ फुटलेच असे गृहीत धरावे. ती मुदत आपल्याकडे पहाटे साडेचारला संपली. रायपूरचा तंत्रज्ञ जेवून निजला आणि उठण्यापूर्वीच उशीर झाला! त्यात त्याचा आळस तो कोणता? दुरुस्ती जाहीर करणे म्हणजेच दोष कोठे आहे हे चोरालाही दाखविणे होय, आणि चोराचे यंत्र झोपत नाही.

म्हणूनच किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसू द्याव्यात. वर्डप्रेसने ही सोय ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून दिली आहे. ‘आपोआप काही मोडेल’ या भीतीने पुष्कळजण ती बंद करतात. पण मोडलेले पान जुन्या प्रतीवरून जोडता येते, चोरीस गेलेली वधूवरांची यादी परत आणता येत नाही. प्लगइन जितके थोडे तितके बरे, आणि न वापरलेले प्लगइन नुसते बंद न ठेवता काढून टाकावे. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात. विकत घ्यावयाची थीम फुकट देणारी ठिकाणे टाळावीत.

सर्व्हरच्या नोंदवह्या जपाव्यात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना त्या १८० दिवस ठेवण्यास सांगितले आहे.

राहिला बॅकअप. तो डेटाबेस आणि फोल्डर या दोहोंचा हवा, आणि त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. डोमेन आणि होस्टिंग ही दोन्ही संस्थेच्या नावे असावीत, तंत्रज्ञाच्या नव्हेत. तो गाव सोडून गेला तरी वार्षिक नूतनीकरणाची सूचना कार्यालयात आली पाहिजे. वर्षातून एकदा बॅकअप निराळ्या संगणकावर उतरवून संकेतस्थळ उभे करून पाहावे. पाने उघडली एवढ्यावर समाधान मानू नये. दहा वर्षांपूर्वीचा एखादा वृत्तान्त काढावा, आणि ‘ज्ञ’, ‘ऱ्य’, ‘त्त्व’ अशी जोडाक्षरे जागच्या जागी आहेत की तेथे प्रश्नचिन्हे बसली आहेत, हे मंडळातील एखाद्या जुन्या सभासदाकडून वाचवून घ्यावे.