मनगट धरायला कोणी येत नाही

आयकिडो ही मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनी घडवलेली जपानी युद्धकला आहे. १९१५ मध्ये होक्काइडो बेटावर उएशिबांची सोकाकु ताकेदा यांच्याशी गाठ पडली आणि दाइतो-र्यू या जुन्या जुजुत्सू परंपरेतले डाव त्यांनी ताकेदांकडून शिकून घेतले. पुढे ओमोतो या धर्मपंथाच्या प्रभावाने त्या डावांचा रोख बदलला. समोरच्याला मोडायचे नाही, त्याच्याच जोराला वळण देऊन त्याला खाली आणायचे, हे सूत्र ठरले. ‘आयकिडो’ हे नाव १९४२ मध्ये कायम झाले. या विचाराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ही कला स्वसंरक्षणाची हमी म्हणून शिकवली जाते त्याबद्दल. त्या हमीवर विसंबून वर्गात नाव घालणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक एक होता.

आयकिडोचा सराव जोडीने चालतो. हल्ला करणारा तो ‘उके’, डाव टाकणारा तो ‘नागे’. उकेने काय करायचे हे आधीच ठरलेले असते. तो नागेचे मनगट धरतो किंवा कपाळाच्या रोखाने हाताचा सरळ वार करतो. नागे त्यावर नेमलेला डाव टाकतो. ‘कोतेगाएशी’त मनगट बाहेरच्या अंगाला पिळून पाडायचे, ‘इक्क्यो’त कोपरावर दाब देऊन पालथे निजवायचे. मनगट धरण्यावर एवढा भर का, याचे उत्तर तलवारीत आहे. कमरेला तलवार असलेल्या माणसाचा हात अडवला तरच ती म्यानाबाहेर येत नाही. कपाळावरचा वारही तलवारीच्याच घावासारखा आहे. आज कोणाच्या कमरेला तलवार नसते, त्यामुळे मनगट धरायला कोणी येत नाही. येतो तो ढकलतो, गचांडी धरतो, कानशिलात मारतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. डाव लागला की उकेने पडायचे असते, आणि न पडल्यास मनगट दुखावते, म्हणून तो हळूहळू जरा आधीच पडू लागतो. यात लबाडी नसते, सवय असते. पण काही महिन्यांनी नागेला आपला डाव लागला की जोडीदार पडला, हे कळेनासे होते.

प्रस्तुत लेखक दोन वर्षे, आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्गाला जात होता. पावसाळ्यात पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला की लकडी पुलावरून वळसा घालून जात होता. गणपतीच्या दहा दिवसांतही खाडा नव्हता. हे नोंदवणे भाग आहे, कारण नंतर सगळा दोष सरावाच्या कमतरतेवर ढकलला गेला.

घटना नारायण पेठेत, पत्र्या मारुतीजवळच्या एका गल्लीत घडली. रात्रीचे नऊ वाजले होते. वाद वाड्याच्या दारात आडव्या लावलेल्या दुचाकीचा होता, त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही. तरुण पंचविशीतला. “ओ काका, हात काढा गाडीवरनं,” असे म्हणत त्याने लेखकाच्या छातीला एका हाताने रेटा दिला. तो हात समोरच होता. लेखकाने त्याचे मनगट पकडले, अंगठा नेमक्या जागी बसला, पाऊल मागे वळले. इथपर्यंत सगळे वर्गातल्यासारखे झाले. त्या तरुणाने हात नुसता मागे ओढला. घामाने ओले मनगट बोटांतून सुटले. दोन वर्षांत एकाही जोडीदाराने हात मागे ओढला नव्हता. हे त्या क्षणी लख्ख कळले, आणि पुढे काय करायचे हे शिकवलेलेच नाही, हेही कळले. तेवढ्यात दोन्ही हातांचा धक्का बसून लेखक पाठीवर पडला. तरुणाने आरशाला अडकवलेले हेल्मेट काढून हातात घेतले होते. वरच्या गॅलरीतून एका आजींनी “अरे, काय चाललंय? बोलावू का पोलिसांना?” असा खणखणीत आवाज दिला, तेव्हा तो गाडी घेऊन निघून गेला.

पडताना हनुवटी छातीला टेकली होती, म्हणून डोके आपटले नाही. आयकिडोने त्या रात्री दिले ते एवढेच, आणि ते थोडे नव्हे. मात्र गादीवर आपटावा तसा तळहात सिमेंटच्या ठोकळ्यांवर आपटल्याने त्याची साल निघाली.

तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून लेखक वर्गात गेला. सगळे ऐकून सर म्हणाले, “तुमचा श्वास वर चढला असणार. आयकिडो चुकत नाही, माणूस चुकतो.” मग एका जुन्या विद्यार्थ्याला उभे करून त्यांनी तोच डाव दाखवला. मनगट पुरते वळायच्या आत तो विद्यार्थी हवेत होता. “सर, यांना एकदा हात मागे ओढायला सांगा ना,” अशी विनंती लेखकाने केली. “असा सराव आपल्याकडे करत नाहीत,” असे उत्तर आले आणि त्याबरोबर पुढच्या स्तराच्या तुकडीचा अर्जही. मार लागल्याचे दुःख ओसरले; त्या उत्तराचे ओसरलेले नाही. डाव लागला तर श्रेय कलेचे आणि फसला तर दोष शिकणाऱ्याचा, अशा शिकवणीत काय चालते आणि काय नाही, हे कधीच तपासता येत नाही.

तपासण्याची रीत पुण्याला नवी नाही. नारायण पेठेतून चालत जाता येईल अशा अंतरावर शुक्रवार पेठेत चिंचेची तालीम आहे. कुठल्याही तालमीत जोर-बैठका झाल्यावर लाल मातीत लढती लागतात. तिथे कोणी कोणासाठी पडत नाही. पट काढायला गेले की समोरचा पाय मागे घेतो, ढाक लावायला गेले की तो वजन खाली टाकतो. प्रत्येक डावाला तोड आहे हे पोराला पहिल्याच महिन्यात अंगाने कळते. जपानमध्येही हे जाणणारे होते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदो सुरू करताना घातक डाव मोकळ्या लढतीतून वगळले, ते उरलेले डाव पूर्ण ताकदीने एकमेकांवर करता यावेत म्हणून. त्यांचे आणि उएशिबांचे, दोघांचेही शिष्य असलेल्या केन्जी तोमिकी यांनी आयकिडोत विरोध करणारा जोडीदार आणि स्पर्धा आणली. उएशिबांना स्पर्धा मान्य नव्हती. गोझो शिओदा यांच्या योशिनकान शाखेत तोक्योचे दंगलविरोधी पोलीस शिकले, याचा दाखला वर्गावर्गांत दिला जातो. पण पोलीस एकटा नसतो, त्याला माणूस धरून ठेवायचा असतो आणि त्याचा सराव रोजचा असतो. संध्याकाळी ऑफिसातून थकून येणाऱ्याला तो दाखला लागू पडत नाही.

म्हणून वर्ग निवडताना पट्टे आणि भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहू नयेत. पहिल्या आठवड्यात जोडीदाराला हात मागे ओढायला सांगावे आणि शिक्षक काय म्हणतात ते पाहावे. ढकलणे, गचांडी धरणे, एकामागून एक ठोसे, हातात हेल्मेट असलेला माणूस, यांचा सराव होतो का, हे विचारावे. ‘नंतर शिकवू’ म्हणणाऱ्याकडे वर्षाची फी एकदम भरू नये, महिन्याची भरावी. शरीर लवचिक राहावे, तोल सुधारावा, मन शांत व्हावे एवढ्यासाठी जायचे असेल तर आयकिडो उत्तम आहे, पण शिक्षकांनीही तेवढेच सांगून प्रवेश द्यावा.

रस्त्यावर सावध असावे, राग आवरावा, अंधाऱ्या बोळातून एकट्याने जाणे टाळावे. वाद सुरू झाला की दोन हातांचे अंतर ठेवावे आणि तळहात छातीच्या उंचीला उघडे ठेवावेत. कोणाच्या गाडीला हात लावू नये. लेखकाची पहिली चूक तीच होती. मोबाइल किंवा साखळी ओढली गेली तर सोडून द्यावी. चाकू दिसला तर मनगटाचा कोणताही डाव आठवू नये, पळावे. ओरडण्याची लाज वाटू देऊ नये, कारण पेठेत प्रत्येक गॅलरीत कोणी ना कोणी असते. ११२ हा क्रमांक फोनमध्ये वेगळा जतन करावा.

डाव लागलाच तर कायद्याचा प्रश्न येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. कलम ३७ प्रमाणे संरक्षणाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. माणूस मागे हटल्यावर पिळलेले मनगट आणखी पिळले तर तक्रार उलटू शकते.

पडण्याचा सराव मात्र कोणत्याही वयात करण्याजोगा आहे, विशेषतः साठीनंतर. आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने, असा तो वाढवत न्यावा. कठीण जमिनीवर हात आपटायचा नसतो. हनुवटी छातीला लावून पाठ गोल करायची आणि अंग तिरके, एका खांद्यावरून लोळू द्यायचे असते. वर्गात गादी असल्याने हा फरक कोणी सांगत नाही, तो विचारून घ्यावा लागतो.