शुक्राणू काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी संप्रेरकांची औषधं : कुणाला उपयोगी, कुणाला नाही?



दहावीला प्रजननाचा पाठ शिकवताना आपण एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन ही नावं फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण याच तीन नावांवर कितीतरी घरांची आशा टांगलेली असते. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या बारामती-इंदापूरकडेही आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात. खरं तर अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या वीर्यात तर एकही शुक्राणू दिसत नाही. याला अझूस्पर्मिया म्हणतात.

शरीरातली यंत्रणा

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू घडवतात. त्याला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणूनच औषधाचा परिणाम बघायला निदान तीन महिने जातात.

तीन शेतांचं उदाहरण

नीरा डाव्या कालव्याखालची तीन शेतं डोळ्यांसमोर आणा.

१) पहिल्या शेतात ऊस तयार आहे, पण कारखान्याचा रस्ता बंद. म्हणजे शुक्राणू बनतात, पण नळी बंद आहे. इथे संप्रेरकं सहसा ठीक असतात, त्यामुळे ती औषधं लागत नाहीत. नळी जोडता येते किंवा सुईने शुक्राणू काढता येतात.

२) दुसऱ्या शेताची जमीन चांगली, पण आवर्तनच सुटलेलं नाही. म्हणजे पीयूषिकेकडून एफएसएच-एलएच येत नाही. इथे औषध खरं काम करतं. एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं घेतल्यावर अनेकांच्या वीर्यात शुक्राणू येतात आणि शस्त्रक्रियाही टळते.

३) तिसरं शेत क्षारपड. पाणी भरपूर, पीक नाही. म्हणजे वृषणातच दोष आहे आणि एफएसएच बहुधा वाढलेलं असतं. तरी क्षारपड रानातही एखाद्या कोपऱ्यात हिरवा पट्टा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पट्टा शोधण्याच्या शस्त्रक्रियेला मायक्रो-टेसे म्हणतात. साधारण निम्म्या रुग्णांत शुक्राणू सापडतात.

खरा प्रश्न तिसऱ्या शेताचा

या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी कधीकधी क्लोमिफीन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा एचसीजी देतात. वृषणातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं तर शुक्राणू सापडायची शक्यता वाढेल, हा त्यामागचा विचार. पण त्याचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच रुग्णाला स्पष्ट सांगायला सांगतात. म्हणजे औषध चुकीचंच असं नाही, पण ते खात्रीचं नाही. शिवाय वाट बघण्यात पत्नीचं वय वाढत जातं. ती पस्तिशीच्या पुढे असेल तर वाया गेलेले सहा महिनेही महाग पडतात.

मुलांना हे नक्की सांगा

अंग कमावण्यासाठी जिममध्ये काही पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. "पुरुषी औषध आहे, फायदाच होणार," असं त्यांना वाटतं. होतं उलटंच! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो एफएसएच-एलएच बंद करतो. शेताच्या बांधावर टँकर दिसला म्हणून धरणाचं दार बंद करावं, तसं! शुक्राणू पार नाहीसे होऊ शकतात. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मूल हवं असलेल्या पुरुषाने हे औषध स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

डॉक्टरांना काय विचारावं?

• वीर्यतपासणी दोनदा झाली का?
• एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन तपासलं का? गुणसूत्रांची तपासणी लागेल का? (वाय गुणसूत्राचे काही ठरावीक भाग पूर्ण गळालेले असतील तर शस्त्रक्रियेचा उपयोगच होत नाही.)
• आमचं शेत तिन्हींपैकी कोणतं?
• औषध किती महिने, आणि फरक पडला नाही तर पुढे काय?

पालकहो, मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीला मुलगा आणि सून दोघांनाही पाठवा. वीर्यतपासणी साधी आहे, सुई टोचावी लागत नाही. ती वेळेत झाली तर सुनेच्या कितीतरी तपासण्या आणि तिला ऐकावे लागणारे टोमणे वाचतील.