हाली आणि कलदार : हिशेबाचा एक धडा

निजामी अंमलांत अंबाजोगाईस मोमिनाबाद असें नांव होतें. त्या काळीं येथील शेतकऱ्यास दोन रुपये ओळखावे लागत : एक हैदराबाद संस्थानचा हाली शिक्का व दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. दोहोंचेही आणे सोळा व आण्याच्या पया बारा. किंमत मात्र सारखी नव्हे. सामान्यतः ७ हालीस ६ कलदार असा भाव असे. त्यांत थोडीफार चढउतार होई.

बार्शीची पेठ मुंबई इलाख्यांत होती, आणि बार्शीची लहान रेल्वे १९११ सालीं लातुरापर्यंत आली. तिकडे माल विकला म्हणजे हातीं कलदार पडे. सारा मात्र हालींत भरावयाचा. यामुळें एकाच पैशाचा हिशेब दोनदां मांडावा लागे व बदलण्याचा बट्टा सराफाकडे जाई.

बट्ट्याहून हिशेबांतील चूक अधिक महाग पडे. ४९ हालींचे कलदार करावयाचे, तर सातवा हिस्सा ७ वजा करावा, ४२ उरतात. उलट ४२ कलदारांचे हाली करावयाचे, तर सहावा हिस्सा ७ मिळवावा, ४९ होतात. जो हिस्सा वजा केला तोच मिळवावयाचा, असें समजून कोणी ४२ चा सातवा हिस्सा मिळविला, तर ४८ च येतात व एक रुपया बुडतो. वजाबाकी मोठ्या रकमेंतून होते, मिळवणी लहान रकमेंत. म्हणून हिस्सा बदलतो.

१९५० सालीं संस्थानांत भारतीय रुपया सुरू झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले, व १९५९ सालीं हाली चलनांतून बाद झाला. तथापि घरीं त्या काळचें खरेदीखत असल्यास रक्कम हाली कीं कलदार, हें आधीं पाहावें. नाहींतर जमिनीच्या किमतीचा अंदाज चुकेल.

हा धडा आजच्या बाजारांतही उपयोगी आहे. क्विंटलास ५००० रुपये भाव शेंकडा दहा उतरला, तर ४५०० होतो. पुढें शेंकडा दहा चढला, तरी ४९५० च होतो. यास्तव शेतकरी बंधूंनीं हिस्सा किती हें विचारण्यापूर्वीं तो कोणत्या रकमेचा, हें विचारावें.