जोडा कोणाचा? : चित्रकार, चर्मकार आणि दुकानदार

पादत्राण ही आपल्या नित्य वापरातील वस्तू. परंतु तिच्याविषयी आपण क्वचितच विचार करतो. तिची जागा उंबऱ्याबाहेर, आणि ती घडविणाऱ्या माणसाचीही जागा समाजाने दीर्घकाळ गावाच्या कडेलाच ठेवली. अलीकडे मात्र चित्रकार आणि आरेखक या वस्तूकडे वळू लागले आहेत. दुकानदार चित्रकाराकडून नक्षी काढून घेतो, कारागीर ती चामड्यावर उतरवितो आणि गिऱ्हाइकाच्या मापाचा, त्याच्या आवडीचा खास जोडा तयार होतो. या कामाला तिघांचे हात लागतात. मग त्या जोड्यावर नाव कोणाचे असावे? मोबदला कोणाला मिळावा? प्रस्तुत लेखात मी या प्रश्नाचा विचार करणार आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे कोल्हापुरी चपलेचे; कारण कोल्हापूर आपल्या गोंदियापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला असले, तरी हा प्रश्न कायद्याच्या आणि बाजाराच्या कसोटीवर अलीकडे लागला तो तेथेच.

प्रथम वस्तू पाहू. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावतात. तळाचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच वादीने शिवतात. खिळा वापरीत नाहीत. दोन्ही बाजूंचे कान तळाच्या थरांमध्ये बसवितात, वर पट्टा येतो, अंगठा येतो, आणि मग वेणी व गोंडा. कापण्या-शिवण्याचे काम बहुधा पुरुषांकडे, तर वेणी घालण्याचे नाजूक काम मोठ्या प्रमाणावर घरातील स्त्रियांकडे असते. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी अशी हिच्या प्रकारांची नावे आहेत. त्यांतील कापशी व कुरुंदवाडी ही सरळ गावांवरून पडलेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की येथे गावाचे नाव टिकले, प्रकाराचे नाव टिकले. पण पहिली वेणी कोणी घातली, हे कोणाला सांगता येणार नाही.

अशा सामूहिक कलेचे रक्षण कायदा कसे करतो? भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 मध्ये झाला. त्याखाली 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्याची मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. पैकी आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ 1974 मध्ये स्थापन झाले. परंतु हा कायदा मुख्यतः नावाचे रक्षण करतो. कोणी चपलेचा घाट उचलला आणि ‘कोल्हापुरी’ हा शब्दच वापरला नाही, तर कारागिराचे हात बांधले जातात.

जून 2025 मध्ये नेमके हेच घडले. मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या आणि त्यांचे वर्णन केवळ ‘चामडी चपला’ एवढेच केले. महाराष्ट्रात निषेध झाला. त्यानंतर कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकारागिरीची असल्याचे मान्य केले, आणि जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका मात्र त्याच महिन्यात फेटाळली गेली. असा दावा मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाने आणावयाचा असतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे डिसेंबर 2025 मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारागिरांकडून सुमारे 2,000 जोड घडवून घेण्याचे आणि प्रत्येक जोडाची किंमत सुमारे 800 युरो ठेवण्याचे जाहीर झाले. म्हणजे न्यायालयात जे साधले नाही, ते लोकमताच्या रेट्याने आणि लेखी कराराने काही अंशी साधले. आता त्या किमतीतील किती वाटा वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती पडतो, यावरच या कराराचे मोल ठरेल, असे मला वाटते.

जुन्या, सामूहिक घाटाची ही कथा झाली. नव्या नक्षीचे काय? आपल्यापैकी जे हातात कुंचला धरतात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आरेखन कायदा 2000 नुसार नव्या आरेखनाची नोंदणी करता येते; तिचे संरक्षण प्रथम 10 वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी 5 वर्षे मिळते. मात्र आरेखन आधीच लोकांसमोर आलेले नसावे. दुकानाच्या काचेत जोडा मांडला आणि मग नोंदणीचा विचार केला, तर उशीर झालेला असतो. नोंदणीच केली नाही, तर? लेखाधिकार कायद्याच्या 15 व्या कलमानुसार, नोंदणीस पात्र असे आरेखन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा अधिक वस्तूंवर उतरले, की त्या आरेखनावरील लेखाधिकार संपतो. भिंतीवर टांगलेल्या मूळ चित्राचा प्रश्न वेगळा. एकच खास जोडा रंगविणारा चित्रकार आणि शेकडो जोडांसाठी नक्षी देणारा चित्रकार यांची स्थिती सारखी नसते, ती अशी.

श्रेयाबरोबर ज्ञानाचाही प्रश्न आहे. कागदावर सुंदर दिसणारी नक्षी पायात टिकेलच असे नाही. चवड्यापाशी चामडे प्रत्येक पावलाला दुमडते. तेथे जाड रंग दिला, तर तो तडकतो. शिवण कोठून जाणार हे ठाऊक नसेल, तर चित्रातील मोराची मान आरीखाली सापडते. इटलीचा प्रसिद्ध पादत्राणकार साल्व्हातोरे फेरागामो याने अमेरिकेत असताना पायाच्या शरीररचनेचा अभ्यास केला होता. 1930 नंतरच्या काळात इटलीत चांगले पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा त्याने टाचेसाठी बुचाचे थर वापरले. 1938 मधील त्याची इंद्रधनुषी रंगांची चप्पल आजही कलाप्रेमींच्या डोळ्यांसमोर आहे. साहित्याची अडचण हीच तेथे कल्पनेची जननी ठरली. आपल्याकडे मुंबईत वाढलेले चित्रकार सुधीर राजभर यांचे कामही याच जातीचे. 2015 च्या गोवंशहत्याबंदीनंतर चामड्याचा व्यवसाय अडचणीत आला, तेव्हा त्यांनी कारागिरांना सोबत घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या घडविल्या. ज्या जातिवाचक शब्दाने लोक हिणवीत आले, तोच त्यांनी अभिमानाने आपल्या उपक्रमाला दिला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा गोंदिया जिल्हा धानासाठी, झाडीपट्टीच्या नाटकांसाठी आणि नागझिऱ्यासाठी ओळखला जातो, चपलेसाठी नव्हे. तरीही येथे फलक रंगविणारे हात आहेत, रापी-आरी चालविणारे हात आहेत, आणि मंडईच्या दिवसांत नव्या जोड्यासाठी दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईकही आहे. सारस पक्षी किंवा धानाची लोंबी जोड्यावर का येऊ नये? मात्र ती येण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर याव्यात, असे मी सुचवितो. नक्षी किती जोडांसाठी दिली, हे लिहावे. चित्रकार आणि कारागीर या दोघांचीही नावे जोडाच्या खोक्यावर छापावीत. आणि दुसऱ्या खेपेला माल निघाला, तर दोघांचा वाटा किती, तेही आधीच ठरवावे. दुकानदाराची पाटी दुकानावर असतेच. तिला यामुळे कमीपणा येत नाही.

कापशीची पहिली वेणी घालणारीचे नाव आपण गमावले. यापुढे घातल्या जाणाऱ्या वेणीचे नाव लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी एक कागद आणि दोन सह्या पुरेशा आहेत.