हलू नका, एवढ्याने भागत नाही

१. ओपीजीसाठी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेसाठी, आलेल्या माणसाला थेट मशीनपाशी उभं करू नये. आधी बाहेरच चष्मा, कवळी, कानातलं, चमकी, आकडे, श्रवणयंत्र काढून घ्यावं. डाव्या कानातली कुडी राहिली, तर तिची मोठी, पुसट सावली फोटोत उजवीकडे, थोडी वर उमटते. डॉक्टरांना तीच जागा बघायची असते.

२. मंगळसूत्र. ‘ट्रेमध्ये ठेवा’ म्हटलं की चेहरा उतरतो. सोबतच्या बाईंच्या हातात द्यायला सांगावं, लगेच काढतात. कारणही सांगावं: किरण मानेमागून, जरा खालून वर येतात, त्यामुळे गळ्यातलं हनुवटीवर दिसतं.

३. दिवस गेलेत का, हे मात्र सासू-नवऱ्यासमोर विचारू नये. बाजूला घेऊन विचारलं तरच खरं उत्तर मिळतं.

४. उभं राहणं, सगळी मेख इथे. वरचे-खालचे पुढचे दात मशीनच्या चावायच्या दांडीच्या खाचेत, टोकाला टोक. डोळ्याच्या खालच्या कडेपासून कानाच्या भोकापर्यंतची रेघ आडवी हवी. हनुवटी खाली झुकली की फोटोत दातांची ओळ उगाच हसते. वर गेली की ओळ सपाट होते आणि टाळूची पांढरी पट्टी वरच्या मुळांवर येते. मान पुढे वाकली तर मणक्याची पांढरी सावली मधोमध. ‘ताठ उभे राहा’ म्हणून काही होत नाही, लोक फक्त छाती फुगवतात. हँडल धरून अर्धं पाऊल पुढे यायला सांगावं, मान आपोआप सरळ होते.

५. ‘जीभ टाळूला लावा’ हेही असंच फुकट जातं. ‘ओठ मिटा, आवंढा गिळा, आता जीभ आहे तिथेच ठेवा’ असं म्हणावं. नाहीतर वरच्या मुळांवर हवेचा काळा पट्टा येतो.

६. थायरॉइडचा पट्टा ओपीजीला नको, तो जबडाच झाकतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि पट्टा दोन्ही बंद करण्याची शिफारस केली. तरी कोणी एप्रन मागितला तर मी हुज्जत घालत नाही, फक्त तो मागून मानेवर चढू देत नाही.

७. मुलांना किरण न सोडता मशीनची एक फेरी दाखवावी. फेरी साधारण पंधरा सेकंदांची. (१८९६ मध्ये जर्मन दंतवैद्य ऑटो वॉल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला, तेव्हा पंचवीस मिनिटं लागली होती!) तरीही मूल रडत असेल तर दुसऱ्या दिवशी बोलवावं, हललेला फोटो पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा किरण.