परतीचं भाडं

नाशिक रोड,
२२ जून

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, प्रवासी विमानांपेक्षा मालाचं काम सोपंच असणार. मालाला जेवण लागत नाही, खिडकीची सीट लागत नाही, तो भांडतही नाही." मी हसून विषय बदलला, कारण याचं उत्तर फोनवर देण्याएवढं लहान नव्हतं. सहारच्या कार्गो संकुलात माझी तीस वर्षं गेली. सोमवारी तू तिथेच बुकिंगच्या टेबलावर बसणार आहेस. त्याआधी हे पत्र एकदा सावकाश वाच.

माल भांडत नाही, हे खरं. पण तो परतही येत नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला गेलेला प्रवासी पंधरा दिवसांनी मुंबईला येतो. त्याच्या एका तिकिटात दोन्ही बाजूंची सीट विकली जाते. शांघायहून युरोपला गेलेला मोबाइल पुन्हा शांघायला जात नाही. विमानाला मात्र जावंच लागतं. या धंद्यातली निम्मी अक्कल या एका अडचणीतून जन्माला आली आहे.

तुझ्या आजोबांचा ट्रक तू पाहिला नाहीस. ते कांदा भरून मुंबईला जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परतायचे. चपला दारात काढायच्या आत आजी विचारायची, "परतीचं भाडं मिळालं का?" मिळालं असेल, म्हणजे खताची पोती, सिमेंट, कधी कुणाचं बिऱ्हाड, तर आजोबा आल्याआल्या बोलायला लागत. नसेल तर बशीतला चहा मुकाट्यानं संपवत. डिझेल जायला जेवढं लागतं तेवढंच यायला लागतं, हा हिशेब त्यांना कुणी शिकवला नव्हता. मी नोकरीला लागलो तेव्हा कळलं की जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतही हाच प्रश्न विचारतात. फक्त टाय लावून विचारतात.

उदाहरण म्हणून कार्गोलक्सकडे बघ. लक्झेंबर्ग हा देश २,५८६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याहूनही लहान. त्याच्या स्वतःच्या मालावर मोठं विमान रोज भरणं शक्यच नाही. तिथे १९७० मध्ये लक्सएअर, आइसलंडची लॉफ्टलेडिर आणि स्वीडनचा सालेन हा जहाजवाला समूह यांनी मिळून फक्त मालाची ही कंपनी काढली. सुरुवात कॅनडेअर सीएल-४४ या विमानानं. त्याची शेपटी बिजागरीवर दारासारखी बाजूला वळायची आणि मागून माल आत जायचा. पुढे १९७९ मध्ये पहिलं ७४७ आलं. १९९३ मध्ये ७४७-४०० चं मालवाहू रूप जगात सर्वांत आधी यांनी घेतलं आणि २०११ मध्ये ७४७-८ चंही. या वर्षांमधली अंतरं मोजून बघ: नऊ, चौदा, अठरा. विमानाची नवी पिढी त्यांनी दर हंगामाला आणली नाही. आणली तेव्हा मात्र रांगेत पहिले उभे राहिले.

घरचा माल नसताना हे जमलं कसं? पहिलं कारण ट्रक. फिंडेल विमानतळावरून जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम हाकेच्या अंतरावर. तिथल्या कारखान्यांचा माल रात्रभर ट्रकनं लक्झेंबर्गला येतो. गंमत म्हणजे या ट्रकांनाही विमानासारखा फ्लाइट नंबर असतो, कारण कागदोपत्री तो विमानप्रवासाचाच एक तुकडा असतो. आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी आपल्या टाटाच्या काचेवर नंबर रंगवून घेतला असता.

दुसरं कारण, वाट सरळ नसते. आशियातून युरोपला आणि अमेरिकेला माल भरभरून जातो, उलट दिशेला कमी. मग विमान गेल्या वाटेनं परत आणण्याऐवजी त्रिकोण काढतात, चौकोन काढतात, कधी पृथ्वीलाच प्रदक्षिणा घालतात. युरोपातून यंत्रांचे भाग आणि औषधं घेऊन आफ्रिकेत उतरायचं, तिथून नैरोबीला जायचं आणि नैवाशा तळ्याकाठचे गुलाब घेऊन युरोपात परतायचं. चीनमधून अमेरिकेला जाताना अलास्कात अँकरेजला थांबायचं, कारण सगळं इंधन एकदम भरलं तर तेवढ्या वजनाचा माल खाली ठेवावा लागतो. थांबा घेतला की वेळ जातो, पण माल वाढतो. अशा वाटा आखायला परक्या देशातून तिसऱ्या देशाकडे माल उचलण्याचा हक्क लागतो. त्याला पाचवं स्वातंत्र्य म्हणतात. हे हक्क १९४४ च्या शिकागो परिषदेपासून देशादेशांत घासाघीस करून मिळवले जातात. म्हणून नकाशा पाहताना नुसतं अंतर पाहू नकोस. कुठे उतरता येतं आणि उतरल्यावर काय उचलता येतं, ते पाहा.

आता तुझ्या टेबलावरची गोष्ट. कुणी एजंट उशांचं खोकं आणेल. शंभर बाय साठ बाय पन्नास सेंटिमीटर. काट्यावर भरेल बारा किलो. मापांचा गुणाकार कर आणि सहा हजारांनी भाग. पन्नास येतात. बिल पन्नास किलोचं होईल. एजंट कुरकुरेल, तू विरघळू नकोस. विमान दोन प्रकारे भरतं, वजनानं आणि जागेनं. नुसत्या उशा घेतल्या तर जागा संपते आणि ताकद वाया जाते. नुसते लोखंडी सुटे भाग घेतले तर ताकद संपते आणि वर हवा उरते. चांगला बुकिंगवाला दोन्ही एका पॅलेटवर जुळवतो. आजोबाही कांद्याच्या गोण्यांवर रिकाम्या करंड्या बांधून न्यायचे.

एअर वे बिलाचा, म्हणजे मालाच्या विमान-पावतीचा, नंबर वाचायलाही शिक. पहिले तीन आकडे कंपनीचे, कार्गोलक्सचे १७२. पुढच्या आठांपैकी पहिल्या सातांना सातानं भागून जी बाकी उरते, तो आठवा आकडा. १२३४५६७ ला भागलं तर बाकी ५, म्हणून नंबर १२३४५६७५. म्हणजे शेवटी ७, ८ किंवा ९ कधीच येऊ शकत नाही. रात्री अडीचला डोळे मिटत असताना कुणी फोनवर नंबर सांगितला आणि शेवट नऊनं झाला, तर कॉम्प्युटर उघडण्याआधीच तू त्याला थांबवशील. माझा या क्लृप्तीनं कितीदा तरी बचाव झाला.

माझी एक चूकही सांगतो. मेचे दिवस होते. देवगडच्या आंब्याच्या पेट्या मी एका प्रवासी विमानाच्या पोटात बुक केल्या, कारण दर स्वस्त होता. त्या रात्री प्रवाशांचं सामान जास्त निघालं आणि वाटेवर समोरून जोराचा वारा होता, म्हणून इंधनही जास्त घ्यावं लागलं. अशा वेळी आधी माल उतरतो. निम्म्या पेट्या ऑफलोड झाल्या आणि शेडमध्ये राहिल्या. सकाळी मी दारातून आत पाऊल टाकलं तर सगळीकडे पिकल्या हापूसचा दरवळ. एरवी ज्या वासानं जीव सुखावतो, त्यानं पोटात गोळा आला. बागायतदार रागावला नाही. पेटीवरचं गवत बाजूला करून त्यानं एक फळ दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. ते मला अजून दिसतं.

त्या दिवशी पोटातली जागा आणि मालवाहू विमान यांतला फरक मला समजला. एरवी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती जागा स्वस्त असते, कारण खर्च वरच्या प्रवाशांनी उचललेला असतो. म्हणून मालवाहू कंपनीला असं काही द्यावं लागतं जे पोटात मावत नाही किंवा तिथे खपत नाही. ७४७ चं नाक वर उचललं जातं, तेल-विहिरींचे लांबच लांब पाइप सरळ आत सरकतात आणि वैमानिक त्या दाराच्या वर बसलेला असतो. शर्यतीचे घोडे जातात. जून २०१९ मध्ये तर कार्गोलक्सनं शांघायहून आइसलंडला दोन बेलुगा देवमासे नेले.

२०२० मध्ये प्रवासी विमानं जमिनीला खिळली आणि ती स्वस्त जागा एका रात्रीत नाहीशी झाली. ज्यांच्याकडे मालवाहू विमानं होती त्यांचे दर आभाळाला भिडले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी कार्गोलक्सचा नफा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. अशा वर्षाला वाढ समजू नकोस. तो पाऊस होता. पाऊस बघून कर्ज काढणारा शेतकरी आणि तेजी बघून विमानं मागवणारी कंपनी, दोघांचेही हप्ते दुष्काळातच येतात. खरी वाढ २०१४ सालची म्हणेन. तेव्हा चीनच्या हेनान प्रांतातल्या सरकारी कंपनीनं कार्गोलक्समध्ये ३५ टक्के भाग घेतला आणि झेंगझोऊ हे दुसरं केंद्र झालं. आयफोन जुळवणारा प्रचंड कारखाना त्याच शहरात. त्यामुळे एका बाजूचा माल पक्का झाला. दुसरी बाजू भरायचं काम विक्रीवाल्यांच्या माथी उरलंच. ते कधी सुटत नाही.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगतो. पहिली, बांधणी. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगराम तळावरून पाच चिलखती गाड्या घेऊन एक ७४७ उडालं. गाड्या नीट जखडलेल्या नव्हत्या. उड्डाणातच एक मागे सरकली, शेपटीकडची यंत्रणा तुटली आणि विमान कोसळलं. विमानातली सातही माणसं गेली. तू पट्टे बांधणार नाहीस, पण वजन तू नोंदवणार आहेस. कागदावरचं वजन काट्यावर ताडून पाहिल्याशिवाय पुढे सरकवू नकोस. एजंट कितीही जुना असो, घाई कितीही असो.

दुसरी, संगनमत. इंधनाचा आणि सुरक्षेचा अधिभार आपसात ठरवल्याबद्दल युरोपीय आयोगानं २०१० मध्ये अकरा मालवाहतूक करणाऱ्या विमान कंपन्यांना मिळून जवळपास ८० कोटी युरोंचा दंड केला. कार्गोलक्स त्यांत होती. २०१५ मध्ये कोर्टानं प्रक्रियेतल्या दोषावरून निर्णय रद्द केला आणि २०१७ मध्ये आयोगानं दंड पुन्हा लावला. जिची एवढी वाखाणणी केली तिचीच ही बाजू मुद्दाम सांगतोय. हे जग लहान आहे. समोरच्या कंपनीतला माणूस तुझ्याच कँटीनमध्ये चहा पिणार. क्रिकेटवर बोल, लोकलवर बोल, पोरांच्या ॲडमिशनवर बोल. दरावर विषय आला की कप ठेव आणि ऊठ.

बाकी झोप सांभाळ, रात्रपाळीत तेलकट खाऊ नकोस आणि लोडर मंडळींना नावानं हाक मार. पॅलेट कुठे कललं आहे ते तुझ्या साहेबाआधी त्यांना कळतं.

तुझ्या बाबांबरोबर कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवतोय. तो पुढच्या महिन्यात इकडे येईल, तेव्हा बरणी त्याच्याच हाती दे. रिकामी मात्र देऊ नकोस. आजीचं वळण तुला ठाऊक आहे.

तुझा,
नानाकाका