दाखला आणि उपदेश : मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांतील वडीलधारे आणि वाढती मुले

हिंदमातेहून दक्षिणेकडे जाणारा डॉ. आंबेडकर मार्ग परळ, लालबाग ओलांडून भायखळ्यास पोचतो. तेथील अमेरिकन मिशनच्या उपासनामंदिरात १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. वाङ्मयेतिहासकार या घटनेकडे बहुधा एका कवीचे धर्मांतर म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखात तिच्या दुसऱ्या अंगाचा विचार करावयाचा आहे. वडीलधाऱ्यांची श्रद्धा घरातील वाढत्या मुलापर्यंत पोचते कशी, आणि मराठी आत्मचरित्र त्याची नोंद कशी घेते, हा तो प्रश्न होय.

मिशनांनी या प्रश्नाचे उत्तर शिक्षणात शोधले. शाळा, रविवारचे वर्ग आणि १८७२ पासूनचे 'बालबोधमेवा' हे मासिक ही त्याची साधने. पुढे टिळकांनीही या मासिकाच्या संपादनाचे काम पाहिले. अशा लेखनातील वडीलधारे सहसा निर्दोष असतात. आत्मचरित्रांत मात्र ते तसे राहत नाहीत.

हा विषय किती नाजूक होता, हे १८४३ च्या श्रीपती शेषाद्री प्रकरणावरून ध्यानात येते. थोरला भाऊ नारायण याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि जेमतेम बारा वर्षांचा श्रीपतीही मिशनच्या आश्रयास राहिला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व मुलाचा ताबा त्यांना मिळाला. त्याला पुन्हा ज्ञातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. भावाच्या उदाहरणाने मुलगा ओढला गेला की त्याला ओढून नेले, हाच वादाचा गाभा होता. या साऱ्या वादात ऐकू येतात ते मोठ्यांचेच आवाज. मिशनरी, पिता, न्यायाधीश आणि सुधारक असे सर्वच त्या मुलाच्या वतीने बोलतात.

त्या वयाचा आवाज मराठीत प्रथम ठळकपणे उमटतो तो बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'मध्ये (१८८८). १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला तेव्हा पदमनजी तेवीस वर्षांचे होते. म्हणजे त्यांची खरी घालमेल त्यापूर्वीची, शाळकरी व विद्यार्थी वयातली. या ग्रंथात ख्रिस्ती शिक्षकांचा प्रभाव आहेच, पण घरातील धार्मिक वातावरणही तितकेच ठसठशीत आहे. श्रद्धा गांभीर्याने घ्यावयाची असते, हा धडा त्यांना प्रथम मिळाला तो हिंदू घरातच, असे मला वाटते. तथापि 'अरुणोदय'चा निवेदक प्रौढ प्रचारक आहे. जुन्या 'मी'कडे तो निकाल लागल्यानंतर पाहतो, त्यामुळे किशोरवयातील संशय पुष्कळदा वाटेतल्या पायऱ्यांसारखे भासतात.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध) असा निकाल आधी लागलेला नाही, म्हणून ती येथे अधिक मोलाची ठरतात. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांत राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. बाप ख्रिस्ती, आई आपल्या आचारावर ठाम, स्वयंपाकपाणी वेगळे, आणि या दोहोंच्या मध्ये वाढणारा मुलगा असे हे घर होते. टिळकांनी पत्नीला बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना प्रवासात विचार करता करता आपले आपणच उमगले. १९०० साली आई व मुलगा यांनी बाप्तिस्मा घेतला.

या पाच वर्षांत दत्तूपुढे कोणता दाखला होता? टिळकांना देवमाणूस ठरविणे लक्ष्मीबाईंना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. टिळकांचा शीघ्रकोप, हातचा पैसा गरजवंताला देऊन टाकण्याची सवय, संसाराची बेफिकिरी हे सारे त्या विनोदाने, क्वचित वैतागून सांगतात. पण त्याच माणसाने मतभेद असलेल्या पत्नीला मोकळीक दिली, हेही त्याच ओघात येते. मुलाने श्रद्धा पाहिली ती अशी, वडिलांच्या उणिवांसकट; आणि नकार देणारी आईही त्याने तितक्याच जवळून पाहिली. तारेसारखी पोटची नसलेली मुलगीही याच घरात वाढली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हा मुलगा विशीत होता.

येथे एक शंका रास्त आहे. 'स्मृतिचित्रे' हे आईचे लेखन आहे. मुलाच्या मनात काय चालले होते ते त्यातून थेट कळत नाही, आणि देवदत्त पुढे 'ज्ञानोदय'चे संपादक झाले एवढ्यावरून वडिलांचा दाखला फळास आला असे म्हणणे घाईचे होईल. किंबहुना आपल्या टीकेने या ग्रंथातील विनोदाची व भाषेची जितकी वाखाणणी केली, तितका त्यातील मुलांचा विचार केला नाही. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केलेली सटीप आवृत्ती हाताशी असता हे काम आता अवघड नाही.

१९१९ साली मुंबईत टिळकांचे निधन झाले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे नेण्यासाठी बहुतांश अध्याय रचले ते लक्ष्मीबाईंनी. बाप्तिस्म्यासाठी नवऱ्यामागून पाच वर्षे घेतलेल्या त्याच लक्ष्मीबाईंनी.